घोडा मेला, रिपोर्ट मात्र निगेटिव्ह

इथे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये घोड्याला ताप आला, तो झोकांड्या खायला लागला आणि व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, बोलावलं, तर व्हेट गाडीतून उतरून सरळ घोड्याजवळ जात नाही. आधी अंगभर सूट, हातमोज्यांच्या दोन जोड्या, मास्क, डोळ्यांवर गॉगल, आणि मग घोडा. बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. कोविडच्या कितीतरी आधीपासूनची ही पद्धत आहे आणि तिचं कारण आहे हेंड्रा नावाचा विषाणू.

हे नाव ब्रिस्बेनच्याच एका उपनगराचं, रेसकोर्सला लागून असलेल्या. सप्टेंबर 1994 मध्ये तिथल्या विक रेल या ट्रेनरच्या तबेल्यात आणलेली ड्रामा सिरीज नावाची आजारी गाभण घोडी मेली. पाठोपाठ इतर घोडे गेले आणि मग तिची सेवा केलेला विक रेलही गेला. विषाणू तोवर कुणालाच माहीत नव्हता. मोठी फळवटवाघळं त्याचं मूळ घर. त्यांना काही होत नाही, पण त्यांची लघवी किंवा उष्टी फळं पडलेलं गवत घोड्याने खाल्लं तर घोड्याला लागण होते आणि घोड्याकडून माणसाला. आजवर सात माणसांना झाला, चौघं गेली. त्यांतले दोघे व्हेट होते, एक 2008 मध्ये गेला, दुसरा 2009 मध्ये.

आम्ही राहतो त्या सॅमफर्डच्या बाजूला घरटी घोडे आहेत. आमच्या शेजारणीने चाऱ्याचं टब आणि पाण्याचं पिंप अंजिराच्या झाडाखालून हलवून पत्र्याच्या शेडमध्ये नेलंय आणि झाडाला फळं धरली की ती तेवढ्या भागाला तारेचं कुंपण घालते. संध्याकाळी आकाशातून वटवाघळांची रांग जायला लागली की घोडे आत. गेल्या हिवाळ्यात तिची घोडी तापाने फणफणली, तेव्हा व्हेटने नाकातून, तोंडातून स्वॅब घेतले, रक्त काढलं आणि सगळं कूपर्स प्लेन्सच्या सरकारी लॅबला गेलं. निकाल येईपर्यंत तिच्या आवारात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, घोडी बरी झाली.

मी स्वतः ब्रिस्बेनमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माणसांच्या सॅम्पल्सचे पीसीआर लावते. त्यामुळे निगेटिव्ह हा शब्द कानावर पडला की माझ्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतो, कशासाठी निगेटिव्ह? पीसीआर विषाणू बघत नाही. त्याच्या जनुकातला एक छोटा तुकडा आधी ठरवलेला असतो. त्याला चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएच्या वीसेक अक्षरांचे तुकडे, आपण टाकतो. ते चिकटले तर मशीनवर आलेख वर चढतो. त्या नेमक्या जागेवरची काही अक्षरं बदललेली असतील तर विषाणू नळीत असूनही आलेख सपाट राहतो. मतदार यादीत आडनावाचं स्पेलिंग वेगळं छापलं गेलं की शोधल्यावर नाव सापडत नाही, माणूस मात्र त्याच पत्त्यावर राहत असतो, तसं.

हेंड्राच्या बाबतीत अगदी हेच झालं. 2015 साली क्वीन्सलंडमधला एक घोडा हेंड्राची सगळी लक्षणं दाखवून मेला. चाचणी निगेटिव्ह आली, पण सॅम्पल फेकलं गेलं नाही, फ्रीझरमध्ये राहिलं. पुढे सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी सीएसआयआरओ ही ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था आणि क्वीन्सलंडची सरकारी लॅब यांच्यासोबत अशा ‘निगेटिव्ह’ घोड्यांची जुनी सॅम्पल्स पुन्हा काढली. या वेळी एका विषाणूपुरती चाचणी न लावता त्या सगळ्या कुळाला पकडेल अशी लावली आणि जे हाती लागलं त्याचा पूर्ण जनुकक्रम वाचला. तो हेंड्राच निघाला, पण वेगळा. सुमारे अठरा हजार अक्षरांपैकी जवळपास 84 टक्केच जुन्या हेंड्राशी जुळत होती. 1994 पासून सापडलेले हेंड्राचे नमुने आपसात जेमतेम एखाद्या टक्क्याने वेगळे होते, त्यामुळे हा फरक फारच मोठा. 2022 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. या नव्या प्रकाराला जी-टू, म्हणजे जीनोटाइप (जनुकीय प्रकार) दोन, म्हणतात.

त्याच सुमारास जिलाँगच्या सीएसआयआरओमध्येही वटवाघळांच्या जुन्या सॅम्पल्समध्ये तोच प्रकार सापडला, आणि तोही व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून. तिथे घोड्यांमध्ये हेंड्रा कधी दिसलाच नव्हता. लगेच चाचण्या बदलल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये न्यूकॅसलजवळ एक घोडा गेला आणि त्याच्यात जी-टू मिळाला. नवी चाचणी नसती तर त्याचाही रिपोर्ट निगेटिव्हच गेला असता, आणि त्याला हात लावलेल्यांना कुणी सावध केलं नसतं.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते सॅम्पल घेणाऱ्याचं आणि ते सांभाळून ठेवणाऱ्याचं. मरणाऱ्या घोड्याजवळ जाऊन स्वॅब घेणं जिवावरचं काम आहे. आणि लॅबमध्ये फ्रीझरची जागा कायम कमी पडते. निगेटिव्ह सॅम्पल्स काढून टाका हा निरोप प्रत्येक लॅबवाल्याला ठाऊक आहे. ती खरंच टाकली गेली असती तर जी-टू कळायला अजून किती घोडे जावे लागले असते?

लसीच्या बाबतीत बातमी चांगली आहे. 2012 पासून घोड्यांना मिळणारी लस विषाणूच्या पृष्ठभागावरच्या जी या प्रथिनावर बेतलेली आहे. पेशीला धरण्याची त्या प्रथिनाची जागा दोन्ही प्रकारांत जवळजवळ तशीच असल्याने लस जी-टूलाही रोखेल असं शास्त्रज्ञ सांगतात. तरी खर्चामुळे आणि दुष्परिणामांच्या भीतीमुळे कितीतरी मालक लस टाळतात. मला हे पटत नाही. लस घेतलेल्या घोड्यात हेंड्रा झाल्याची एकही नोंद नाही.

घरी फोनवर हे सांगते तेव्हा आई म्हणते, तुमच्याकडचं कायकाय असतं गं. पण आई, हेंड्राचा सख्खा भाऊ निपा विषाणू. केरळात 2018 मध्ये त्याने माणसं नेली, तेव्हा निदान पक्कं केलं ते आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने. त्याच एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांना महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाच्या खुणा मिळाल्या, 2021 मध्ये ते प्रसिद्धही झालं. निपाचेही मलेशियाचा आणि बांगलादेश-भारताचा असे वेगवेगळे प्रकार आहेत. म्हणजे महाबळेश्वरच्या गुहेत जाऊन स्वॅब घेणारी ती माणसं आणि इथला सूट घातलेला व्हेट एकाच कामावर आहेत.