साबणाचे हात आणि बी साइड

रात्रीची भांडी घासायला मला किती वेळ लागतो हे अगदी नक्की सांगू शकतो, साधारण 19 मिनिटं. म्हणजे अमेरिकन डिस्को गायिका ग्लोरिया गेनरच्या पहिल्या अल्बमची, रेकॉर्डची, एक बाजू. 1975 चा 'नेव्हर कॅन से गुडबाय', त्याच्या ए साइडला गाणी तीन आहेत पण एक कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं कळतच नाही, ठोका काही थांबत नाही आणि आपण कुकर, ताटं, वाट्या करत करत कढईशी पोचलेलो असतो.

ही करामत गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या टॉम मोल्टनची. न्यूयॉर्कजवळ फायर आयलंडवर त्याने बघितलं की नाचणारे लोक मस्त रंगात येतात आणि नेमकं गाणं संपतं, तीन मिनिटांचं ते केवढंसं, की झालं, फ्लोअर रिकामा. मग याने गाणी ताणली, मधली वाद्यं वाढवली, एकाला एक जोडून टाकलं. टायटल साँग मुळात जॅक्सन फाइव्हचं, पण ग्लोरियाचं अमेरिकेच्या पॉप चार्टवर 9 व्या नंबरपर्यंत गेलं. क्लबांमधून वर्षानुवर्षं गाणाऱ्या न्यूअर्कच्या बाईचं एकदाचं नाव झालं.

आणि मग घाई. त्याच वर्षात दुसरा अल्बम, 'एक्सपिरियन्स ग्लोरिया गेनर'. पुन्हा मोल्टन, पुन्हा ए साइडला तीन गाणी जोडून. कालची आमटी जमली म्हणून आज तिच्यातच पाणी घालून वाढवावी तसं. 'कॅसानोव्हा ब्राऊन' मला पहिल्या अल्बममधल्या कुठल्याही गाण्याइतकं आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण पुढे 'हाऊ हाय द मून' येतं, 1940 चं गाणं, जॅझवाल्यांनी इतकी वर्षं लाडाने आळवलेलं, आणि त्याला बिचाऱ्याला इथे धरून नाचवलंय. नाचतं ते, नाही असं नाही.

दिवाळीत आई आली होती, ओट्याशी मेथी निवडत तिने या दुसऱ्या अल्बमची अख्खी ए साइड ऐकली आणि म्हणाली, "बाई गाते छान रे, पण हे लोक तिला गाऊ कुठे देतायत? दोन ओळी म्हणते न म्हणते तोच बँडवाले घुसतात."

च्यायला, खरंच की. मी एवढा वर्षभर ऐकतोय आणि माझं लक्ष ढोलकडे.

त्याची बी साइड, म्हणजे मागची बाजू, तर मी धड ऐकलीच नव्हती कारण ए साइड संपते तेव्हा हात कोपरापर्यंत साबणात, सुई आतल्या गोलाशी खर्र खर्र करत बसते आणि मी "हो गं बाई, आलो" म्हणत कढई घासतो. त्या बाजूला चार सुटी गाणी आहेत. सुटी म्हणजे मध्ये चक्क शांतता, गाणं सुरू होतं आणि संपतं. आई म्हणाली, "आता कसं!" पण तिथे हिरा वगैरे लपलाय असं अजिबात नाही हं, एक-दोन गाणी तर जागा भरायला घेतलीयत असा मला दाट संशय आहे.

ग्लोरियासाठी बी साइडचं नशीब नंतर उघडलं म्हणा. जगभर वाजणारं तिचं 'आय विल सर्व्हाइव्ह' 1978 ला सिंगलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढे होतं 'सब्स्टिट्यूट'. त्याआधी स्टेजवर पडून तिच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, पाठीला पट्टा बांधून उभी राहून गायली. डीजेंनी तबकडी उलटी करून वाजवली आणि मार्च 1979 मध्ये ते पहिल्या नंबरावर गेलं. आता आठवतंय का कुणाला ते 'सब्स्टिट्यूट'?

तर हल्ली मी ताटं-वाट्या झाल्या की थांबतो, हात पुसतो, नीट कोरडे करून, आणि रेकॉर्ड उलटी करतो. कढईत पाणी घालून ठेवून देतो. ती सकाळपर्यंत तशीच असते हे आईला सांगितलेलं नाही.