सेव्हन टीकप्स: कर्नच्या खोऱ्यात पाण्यातून रॅपलिंग

सेव्हन टीकप्सला जायचं तर आधी कॅलिफोर्नियातलं कर्नव्हिल हे गाव. लॉस एंजेलिसहून तिथे पोचायला तीन तास तरी धरा. तिथून पुढे कर्न नदीच्या काठाकाठाने जॉन्सनडेल, मग लॉइड मेडो रोड, म्हणजे वनखात्याचा २२एस८२ क्रमांकाचा रस्ता. वळणांचा घाट आहे, घाई करू नका. कर्नव्हिल सोडलं की फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहायचं नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या, पेट्रोल गावातच भरा, आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर धावपळ सुरू करायची हे घरी कुणाला तरी सांगून निघा. हिवाळ्यात रस्ता बंद असतो.

ज्यासाठी एवढं जायचं तो ड्राय मेडो क्रीक, कर्नला मिळणारा एक ओढा. शेवटच्या उतारावर त्याने ग्रॅनाइट कोरून एकाखाली एक कुंडं केली आहेत, म्हणून नाव सेव्हन टीकप्स, म्हणजे चहाचे सात कप. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील तर हे कसं घडलं ते सांगायला नको. पाण्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं गरगर फिरतात आणि कातळ घासत जातात. निघोजला मात्र खळग्यांकडे काठावरून वाकून बघायचं असतं. इथे आपण त्यांच्या आत उतरतो, आणि एका कुंडातून दुसऱ्यात जायला मधल्या धबधब्यातून रोपावरून उतरण्याशिवाय (म्हणजेच रॅपलिंगशिवाय) वाट नाही.

वेळ ही इथली खरी परीक्षा. वसंतात सिएरा नेवाडा पर्वतावरचं बर्फ वितळतं तेव्हा हीच कुंडं कयाकवाले (वल्ह्याच्या छोट्या होडीतून जाणारे) पार करतात. त्यांचे व्हिडिओ बघून भुलू नका; तो त्यांचा हंगाम, आपला नव्हे. आपण जायचं उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरकडे. २०२३ सारखं भरपूर बर्फाचं वर्ष असेल तर आणखी थांबायचं. कर्नच्या प्रवाहाचे आकडे ऑनलाइन मिळतात, पण ते मोठ्या नदीचे. ओढ्याचा अंदाज पहिल्या टप्प्याच्या माथ्यावर उभं राहूनच येतो. बोललेलं ऐकू येत नसेल आणि खालचं कुंड पांढरं दिसत असेल, तर मुकाट्याने मागे फिरावं. एकदा खाली उतरून रोप ओढून घेतला की परतीचा रस्ता संपला. बेकर्सफील्डकडून येताना कर्नच्या दरीच्या तोंडाशी एक फलक लागतो, १९६८ पासून या नदीने किती जीव घेतले त्याचा. तो आकडा वेळोवेळी बदलावा लागतो.

आता सह्याद्रीत तयार झालेल्यांसाठी, कारण आमच्यातले बहुतेक तसेच होते. भिवपुरीला पावसाळ्यात रॅपलिंग केलेल्या माणसाला इथली उंची किरकोळ वाटेल. प्रश्न उंचीचा नाहीच, पाण्याचा आहे. कोरड्या कड्यावर जीव वाचवणाऱ्या आपल्या सवयी इथे उलटतात. दुसऱ्या टप्प्यावर आमच्यातल्या एका ठाणेकराने शिस्तीत प्रुसिक बांधला, म्हणजे हात सुटला तर रोपाला घट्ट आवळून माणसाला थांबवणारा दोरीचा फास. आमच्या लीडरने न बोलता तो सोडवला आणि त्याच्या हातात दिला.

"अरे, सेफ्टी आहे ती!"

"धारेखाली ताणला गेला तर सोडवशील कसा? डोक्यावर पाणी कोसळत असेल तेव्हा?"

ठाणेकराने एकदा खाली बघितलं आणि प्रुसिक खिशात घातला.

रोपाच्या टोकाच्या गाठीचंही तसंच. कोरड्यात ती हवीच. वाहत्या कुंडात उतरताना मात्र ती डिसेंडरपाशी (कमरेला अडकवलेल्या, रोपावरचा वेग आवरणाऱ्या साधनापाशी) अडते आणि माणूस धारेत लटकतो. म्हणून गाठ नाही, आणि रोपाची लांबी अशी ठेवायची की टोक पाण्याला जेमतेम टेकेल. उतरत गेलं की रोप आपोआप सुटतो आणि पोहायला लागायचं. जास्त सोडला तर तो भोवऱ्यात फिरून पायांत गुंततो. वरून अंदाज चुकतोच, त्यामुळे वरच्या अँकरला (रोप बांधायच्या जागी) रोप असा बांधा की ताण असतानाही सैल सोडता येईल. फिगर-एटचा ब्लॉक किंवा म्युंटर-म्यूल, या दोन्ही बांधण्या तशाच; जी हाताला पक्की बसलीय ती. हे कुणालाच येत नसेल तर आधी कोरड्यात शिका, मग या. आवाज पोचत नाही, त्यामुळे शिट्टीच्या खुणा गाडीपाशीच ठरवायच्या. प्रत्येक ग्रुपच्या वेगळ्या असतात.

घोटलेल्या ग्रॅनाइटवर ओले बूट अजिबात धरत नाहीत. आपल्या बेसॉल्टला निदान खरबरीतपणा असतो. इथे पाय फाकवून, टाच खाली दाबून, धारेच्या कडेकडेने उतरायचं. पाय घसरला की पाणी तुम्हाला धारेच्या मध्यावर ओढून नेतं आणि तोंडावर पडदा येतो. तेव्हा मान खाली घाला. हेल्मेटपुढे श्वासापुरती पोकळी मिळते. खाली पोचल्यावर फेसात थांबू नका. फेसाळ पाण्यात हवाच इतकी असते की ते माणसाला तोलून धरत नाही. सरळ हिरव्या, शांत पाण्याकडे हात मारा.

उड्या मारायचा मोह होतो, कुंडं तशी आहेतच. पण आधी एकाने रोपावरून उतरून तळ चाचपायचा. प्रत्येक पुराबरोबर धोंडे आणि ओंडके जागा बदलतात. गेल्या वर्षीचा व्हिडिओ हा पुरावा नव्हे. अँकरचे कातळात बसवलेले बोल्ट, साखळ्या आणि पट्ट्यांचंही तेच, प्रत्येक ठिकाणी हाताने ओढून बघा. बदली पट्टी आणि कापायला सुरी जवळ हवी. बाहेर चाळीस डिग्री असलं तरी वेटसूट (गार पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख) घ्या. सावलीत थांबून पाळीची वाट बघताना दात वाजायला लागतात, आणि गारठलेल्या बोटांनी कॅराबिनर (रोपाला अडकवायची धातूची कडी) लागत नाही. सॅकला खालून भोकं हवीत, नाहीतर ती पाणी भरून तुम्हालाच खाली ओढेल.

शेवटच्या कुंडानंतर खरी शिक्षा: भिजलेले रोप पाठीवर घेऊन भर उन्हात रस्त्यापर्यंतची चढण. वेटसूट खालीच उतरवा. पिण्याचं पाणी या चढणीसाठी राखून ठेवा, कारण ओढ्याचं पाणी न गाळता पिण्यासारखं नाही. वाळक्या गवतात हात घालण्याआधी बघा, रॅटलस्नेकचा, म्हणजे विषारी खुळखुळ्या सापाचा मुलूख आहे. गाडीची चावी एकाच माणसाकडे, चेनच्या खिशात, आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत असू द्या.