तिकडे वजन चालतं, मग जॉकी का नाही झालास?

पुण्याला आलो की रेसकोर्सवर, लग्नात, अगदी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा हाच प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगतो.

वजन चालतं, खरंय. आपल्याकडच्या सपाट शर्यतींसाठी मी थोराड झालो, म्हणून तर इंग्लंडमध्ये लॅम्बोर्नला तबेल्यात कामाला आलो. इथे कुंपणांवरून उडीच्या शर्यतीत घोड्यावर साधारण ६४ किलो तरी भार असतोच. पण त्यात खोगीरही आलं. सलग वीस वर्षं चॅम्पियन राहिलेला जॉकी टोनी मॅकॉय पावणेसहा फुटांच्या वर. वजन राखायला कढत पाण्याच्या टबात घाम काढत बसायचा.

ट्रेनरने मला शिकाऊ लायसन्सचं विचारलं होतं. रोज सकाळी मी घोड्यांना उड्या शिकवतोच. होकार तेवढा द्यायचा राहिला होता.

तेवढ्यात आमच्या तबेल्यातला शिकाऊ जॉकी पोरगा शर्यतीत पडला. घोडा माझ्याकडचा, म्हणून मी धावलो. शेवटून दुसरं कुंपण, साडेचार फुटी. घोडा उठला होता, पोरगा नाही. भोवती हिरवे पडदे लागले. डॉक्टरांनी बुटाला कात्री लावली तसा तो विनवू लागला, ‘कापू नका हो, नवे आहेत, पैसे फिटायचेत अजून.’ नडगी मोडून बूट भलतीकडेच वळला होता आणि हा बुटासाठी रडत होता. मी घोडा घेऊन परतेपर्यंत त्याची पुढची राइड दुसऱ्याला गेली होती. रीतच आहे ती, दोष कुणाचा नाही. जॉकीला राइडमागे पैसे. मला पगार, आणि त्यातला निम्मा हडपसरला जातो.

म्हणजे मी हिशेब केला, घाबरलो नाही, असं बरीच वर्षं सांगत आलो. पण तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं: हडपसरला पैसे तर आधीही जात होते, मग हा हिशेब पोरगा पडल्यावरच कसा सुचला? उत्तर तेव्हाच्या माझ्याकडे नव्हतं, आताही नाही. तरी भित्रा म्हणू नका. कोरा घोडा पहिल्यांदा कुंपणावर घालून बघा, मग बोला.

टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे जॉकी पडून जायबंदी झाले, त्यावरून १९६४ मध्ये जखमी जॉकींसाठी निधी उभा राहिला. त्याच निधीच्या इथल्या ओक्सी हाउस या उपचार केंद्रात पोरगा पुन्हा चालायला लागला. मीच गाडीने सोडायचो. आता परत राइड घेतो.

पुण्यातली पोरं फोनवर विचारतात, लायसन्स काढू का? मी काढा म्हणतो. नाही काढलं, तर त्यांना तरी हा प्रश्न विचारू नका.