संमतीपत्र तिसऱ्यांदा लिहिताना

चार रुग्णालयांनी मिळून रक्तदाबाच्या एका औषधाची चाचणी घ्यायची ठरवली आणि मी तिथे समन्वयक म्हणून रुजू झाले. वाटलं होतं, खरं काम रुग्ण आल्यावर सुरू होईल. पहिला रुग्ण नोंदवायलाच आठ महिने लागले. त्यातला निम्मा काळ एका संमतीपत्रापायी गेला.

आमचं पहिलं संमतीपत्र अकरा पानांचं होतं. संशोधनात सहभागी माणसांचं हित जपलं जातंय ना, हे पाहणाऱ्या नैतिकता समितीनं ते परत पाठवलं. समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सदस्यही असतात. त्यातल्या एका बाईंनी ‘यादृच्छिक विभागणी’ या शब्दांखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, ‘हे माझ्या आईला कळणार नाही.’ आधी मला राग आला. मग घरी तेच पान मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदाला अडखळले. तिसऱ्या मसुद्यात ते वाक्य असं झालं: ‘तुम्हाला नवं औषध मिळेल की सध्याचं, हे संगणक ठरवेल, नाणं उडवून ठरवावं तसं. अभ्यास संपेपर्यंत ते तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही.’ पण चार रुग्णालयांच्या समित्या चार. एकीनं शब्द बदलायला सांगितला की नवा आवृत्ती क्रमांक, नवी तारीख, आणि बाकी तिघींकडे पुन्हा अर्ज.

सहभागी माणूस केव्हाही बाहेर पडू शकतो आणि त्याचा त्याला त्रास होता कामा नये, हे वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातलं तत्त्व. प्रशिक्षणात ते मी पाठ केलं होतं. समजलं मात्र एका आजोबांमुळे. सगळं वाचून दाखवल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “ताई, मी नाही म्हटलं तर माझ्या नेहमीच्या गोळ्या बंद होतील का?” मी कागद बाजूला ठेवला. काही बंद होणार नाही असं सांगितलं आणि म्हटलं, “आजोबा, आता तुम्हीच मला सांगा, काय समजलं?” ते म्हणाले, “म्हणजे नाही म्हटलं तरी डॉक्टर हेच, गोळ्या याच.” सही न करता कागद घेऊन ते घरी गेले. चौथ्या दिवशी सुनेला घेऊन आले, दोन प्रश्न आणखी विचारले आणि मग सही केली. त्यानंतर प्रत्येकाला मी हेच विचारत गेले.

पहिल्या महिन्याचे आकडे जुळवताना एका केंद्राचा रक्तदाब सतत जास्त दिसत होता. तिथे जाऊन बसले. माणूस जिना चढून यायचा, खुर्चीत टेकायचा आणि लगेच दंडाला पट्टा. पट्टाही सगळ्यांना एकच. अभ्यासाच्या आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं: पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वर जातो. आम्ही तीन मापांचे पट्टे आणले, टेबलावर पाच मिनिटांचा गजर ठेवला. एकट्या रुग्णालयाला हे कधी दिसलं नसतं. शेजारी दुसऱ्या तिघांचे आकडे होते म्हणून दिसलं. पुढे तिथल्या परिचारिकांनी आपणहून तोच गजर बाह्यरुग्ण विभागातही नेला. औषधाचा निकाल लागायच्या कितीतरी आधी, अभ्यासात नसलेल्या माणसांचाही रक्तदाब नीट मोजला जाऊ लागला. या कामातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हेच.

रक्ताच्या नमुन्यांचं काम वेळेशी बांधलेलं. नळी अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, यंत्रात वेगानं फिरवून वरचा द्रव वेगळा काढायचा, छोट्या कुप्या उणे 80 अंशांवर. चुकलेली नोंद खोडायची नाही. एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख.

सगळे आकडे पक्के करून माहितीसंच बंद झाला, कुणाला कोणतं औषध मिळालं ती विभागणी उघडली, तेव्हा मी सगळ्यांना फोन केले. आजोबांना सध्याचंच औषध मिळालं होतं. ते जरा थांबून म्हणाले, “मग माझा काही उपयोग झाला का?” मी त्यांना सांगितलं, नवं औषध किती चांगलं हे तुमच्याच आकड्यांशी ताडून ठरवलं. त्यांनी निकालाचा कागद मागितला, मोठ्या अक्षरांत. दोन पानांत लिहून तो त्याच आठवड्यात टपालात टाकला.