पॉवेलनं नोबेल ढापलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवर व्याख्यान झालं की कुणीतरी हमखास उठतं, ‘‘मॅडम, म्हणजे त्या पॉवेलनं आपल्या बाईंचं नोबेल ढापलंच ना?’’

ढापलं असं मला म्हणवत नाही. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधून देवेंद्रमोहन बोस आणि बिभा फोटोच्या प्लेट्स दार्जिलिंगला, सांदकफूला नेऊन महिनोन् महिने ठेवत. सांदकफूच्या बारा हजार फुटांवर वैश्विक किरणांना, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांना, आडवी येणारी हवा विरळ. मग प्लेट धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. कण गेला तिथं चांदीच्या काळ्या दाण्यांची रांग दिसते. कण हलका असेल तर ती जास्त वेडीवाकडी. दाणे मोजायचे, वळणं मोजायची आणि त्यावरून वस्तुमान काढायचं. डोळे फोडणारं काम! उत्तर आलं इलेक्ट्रॉनच्या साधारण दोनशे पट. १९४० ते ४२ दरम्यान हे ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं.

घोडं अडलं प्लेट्सपाशी. हाताशी होत्या त्या हाफ-टोन, कमी संवेदनशील. युद्धामुळे चांगल्या मिळेनात. युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला भौतिकशास्त्रज्ञ सेसिल पॉवेलच्या गटाला सुधारलेल्या प्लेट्स मिळाल्या. पायॉन आणि म्यूऑन हे अणूहूनही लहान कण. पायॉन थांबतो आणि त्यातून त्याहून हलका म्यूऑन निघतो, हे त्यांनी १९४७ मध्ये दाखवलं. ही जोड दाखवणं कोलकात्याच्या प्लेट्सना जमण्यासारखं नव्हतं. १९५० चं नोबेल एकट्या पॉवेलला मिळालं. त्याच्याच गटातले लातेस, ओक्यालिनीही कोरडेच राहिले. बरं, पुढे पॉवेलनं आपल्या ग्रंथात बोस-चौधुरींच्या कामाची नोंदही घेतली.

मला राग येतो तो इथल्यांचा. बिभा मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेटकडे पीएचडीचं काम करून आल्या, १९४९ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांतही त्या होत्या. १९९१ मध्ये त्या गेल्या. तोवर देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांपैकी एकीलाही त्यांना फेलो, म्हणजे मानाची सदस्य, करावंसं वाटलं नाही. मोठा म्हणावा असा एक पुरस्कारही नाही.

२०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ नाव मिळालं. छानच झालं. पण फेलोशिप त्या हयात असताना देता आली असती, आणि त्यासाठी स्टॉकहोमला कुणाला विचारावं लागत नव्हतं.