रक्त नेमके कुठून येते आहे?

गेल्या आषाढात, मालवणजवळच्या आमच्या घरी बाबांच्या पोटावरची लघवीची पिशवी बदलताना, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडावर रक्ताचे दोन ठिपके उमटले आणि माझा हात जागीच थांबला. कर्करोगामुळे त्यांचे मूत्राशय काढल्यावर लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडल्या आहेत आणि त्याचे तोंड, म्हणजे स्टोमा, पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढले आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक यूजीन ब्रिकर यांनी १९५० साली मांडलेली हीच पद्धत आजही सर्रास वापरली जाते.

घाटापलीकडच्या रुग्णालयातून घरी सोडताना रक्ताविषयी आम्हाला कोणीही अवाक्षर सांगितले नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते. स्टोमा नर्सनी फोनवर समजावले, की स्टोमा हे आतड्याचे आतले अस्तर असल्याने हिरडीसारखे नाजूक असते आणि पुसताना जरासे रक्त येणे स्वाभाविक आहे. मात्र वेदना जाणवून देणारे मज्जातंतू तिथे नसतात, त्यामुळे पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीची कड घासत राहिली तरी माणसाला कळत नाही. बाबांचे तेच झाले होते: मी घाईत कापलेले भोक एका बाजूने तोकडे पडले होते. आता मापपट्टीने मोजून स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे भोक कापतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावे लागते.

पृष्ठभागावरचे रक्त थंड, ओल्या कापडाने काही मिनिटे हलकेच दाबून धरले की थांबते. पिशवीत तरंगणारे पांढरे धागे हा आतड्याचा चिकट स्राव असतो आणि बीट खाल्ल्यावर लघवी लालसर दिसू शकते. या दोन्हींना घाबरू नये. परंतु स्टोमा वरून स्वच्छ असूनही आतून लाल लघवी येत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर त्यामागे जंतुसंसर्ग, खडा किंवा मूत्रवाहिनीत, मूत्रपिंडात नव्याने उद्भवलेली गाठ असू शकते. यकृताचा जुना आजार असणाऱ्यांच्या स्टोमाभोवती फुगलेल्या शिरा फुटून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. स्टोमा जांभळा-काळा पडणे म्हणजे त्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याची खूण.

अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, कारण पावसात घाटात दरड कोसळली तर सकाळी रस्ता असेलच असे नाही.