ऑक्टोबरमधलं कोराउर, रायफलीशिवाय

स्कॉटलंडमधल्या कोराउर स्टेशनवर आम्ही चौघं उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. ग्लासगोहून तीनेक तासांचा प्रवास. गाडी निघून गेली आणि एकदम सगळं शांत झालं. या स्टेशनला सार्वजनिक रस्ताच नाही. यायचं तर रेल्वेने, नाहीतर पायी. उंची ४०८ मीटर, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं सगळ्यात उंच स्टेशन. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर रॅनक मूर या दलदलीच्या माळाचं तांबूस गवत आणि मधूनमधून काळ्या पाण्याची डबकी. जमीन इतकी भुसभुशीत, की १८९४ साली सुरू झालेला हा मार्ग बांधताना खाली झाडाझुडपांच्या फांद्या, माती आणि राखेचे थर घालावे लागले. रूळ अजूनही त्यावरच तरंगताहेत.

"बाबा, तू इथेच यायचास का?" मुलीने विचारलं.

"इथे नाही. पण अशाच जागी."

ती पुढे काही बोलली नाही. अकरा वर्षांची आहे, आणि तिच्या आठवणीतले जवळपास सगळे ऑक्टोबर बाबाशिवायचे आहेत.

सहा वर्षं मी दर शरदात हायलँड्समध्ये हरणांच्या मागावर जात होतो. इकडे त्याला डिअर स्टॉकिंग म्हणतात. आपल्याकडच्या शिकारीच्या गोष्टींत हाका असतो, मचाण असतं. इथे यातलं काहीच नाही. सकाळी निशाण्यावर गोळी झाडून रायफल नीट आहे ना ते बघायचं, डोंगर चढायचा, दुर्बिणीने समोरची उतरण इंच इंच पिंजून काढायची. कळप दिसला की वारा तोंडावर घेत त्याच्याकडे सरकायचं. शेवटचे दोनशे-तीनशे मीटर पोटावर, ओल्या चिखलातून, कधी कधी तास तासभर. गोळी एकच. मग तिथेच आतडी-कोठा काढून धूड खाली न्यायचं, पूर्वी तट्टावर, आता बहुतेक ठिकाणी आठ चाकांच्या गाडीवर. पहिल्या वर्षी इस्टेटच्या, म्हणजे डोंगर ज्यांच्या मालकीचा त्यांच्या, रायफलीवर पाहुणा म्हणून गेलो. नंतर पोलिसांकडून परवाना काढला, स्वतःची रायफल घेतली, जिन्याखाली भिंतीत बोल्ट ठोकून लोखंडी कपाट बसवलं.

मी हे सोडलं, पण मारण्याची घृणा वाटली म्हणून नव्हे. स्कॉटलंडमध्ये सगळ्या जातींची मिळून हरणं दहा लाखांच्या घरात आहेत. त्यांना खाणारे लांडगे संपून अडीच-तीनशे वर्षं झाली. हरणं रोपं कोवळी असतानाच खुडून खातात, म्हणून मैलोन्‌मैल डोंगर उघडे पडले आहेत. कुणीतरी ती कमी करायलाच हवीत, हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "सोडलंस ना, बरं झालं, मुक्या जिवाचे तळतळाट लागतात." मी तिला म्हटलं, आई, तळतळाट हरणांचे नव्हते.

मोठ्या नरांचा माजाचा काळ सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर. नेमका आपल्या नवरात्राचा, दसऱ्याचा, कोजागिरीचा, कधी कधी दिवाळीचासुद्धा. पूर्वी नरांचा हंगाम २० ऑक्टोबरला संपायचा. २०२३ मध्ये सरकारने नरांसाठीची शिकारबंदीची मुदतच काढून टाकली आणि मला तारखेचाही लगाम उरला नाही. सहा वर्षांत एकदाही दसऱ्याला साताऱ्याला गेलो नाही. घरी मी असायचो, पण हवामानाचा अंदाज बघत. वारा कुठून, किती.

मागच्या ऑक्टोबरात एका शनिवारी मी संध्याकाळी सातच्या पुढे डोंगर उतरलो. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर फोनला रेंज आली आणि तो थरथरायला लागला तो थांबेचना. अकरा मिस्ड कॉल. मुलाला दमा आहे, तेव्हा तो सात वर्षांचा होता. दुपारी त्याला दम लागला तो लगेच आराम देणाऱ्या निळ्या इनहेलरने उतरेना. बायकोने अॅम्ब्युलन्स बोलावली आणि मुलीला शेजारच्या आजींकडे सोडलं. मी रात्री अकराला वॉर्डात पोचलो. अंगावर तेच कपडे, नखांत रक्त. बायको चहा आणायला खाली गेली होती. नर्सने सहज विचारलं, त्याचा रोजचा तपकिरी इनहेलर किती पफ चालू आहे, एकदा की दोनदा?

मला माहीत नव्हतं.

दोनशे मीटरवर माझी गोळी किती खाली पडते ते मला माहीत होतं. आडवा वारा असेल तर नेम किती सरकवायचा तेही. तो पोरगा मास्क लावून माझ्याकडे बघत होता आणि त्याने बोटं वर करून मला दाखवलं. दोन. मग परत दोन. दोन पफ सकाळी, दोन रात्री.

बायको त्या रात्री त्यावरून मला एक शब्द बोलली नाही, नंतरही नाही. भांडली असती तर मी कदाचित आणखी एक हंगाम काढला असता. पाच वर्षांचा परवाना फेब्रुवारीत संपत होता. नूतनीकरणाचा अर्ज भरलाच नाही. मुदत संपायच्या आत रायफल परवानाधारक विक्रेत्याला विकली. कपाट काढलं तिथे भिंतीत चार भोकं राहिली होती. बायकोने त्यात खुंट्या मारल्या, आता तिथे दप्तरं लटकतात.

सोपं गेलं असं मुळीच नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला, सकाळी गाडीच्या काचेवर गोठलेलं दव दिसलं, आणि माझी झोप उडाली. बायको म्हणाली, "अरे, जायचंच असेल तर आम्हाला घेऊन चल." म्हणून शाळेच्या ऑक्टोबर सुट्टीत हे कोराउर.

प्रवासाबद्दल थोडं. गाडी खचाखच भरलेली, डोंगरयात्रींच्या सॅक आणि काठ्यांनी वाटा अडलेल्या. मूल घेऊन संडासापर्यंत जाणं हीच एक मोहीम. स्टेशनपासून मैलभरावर लॉक ऑसिअन नावाचं तळं आहे, काठावर छोटं युथ हॉस्टेल. बंक बेड, सामायिक स्वयंपाकघर, आसपास दुकान नाही. जे खायचं ते बरोबर न्यायचं. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुगाची डाळ नेली होती. फोडणीचा खकाणा उठल्यावर दोन वयस्कर बाया खोकत बाहेर गेल्या. मला फार अवघडलं. पण त्या परत आल्या त्या वाटी घेऊनच, आणि एकीने मुलांना आपल्या पिशवीतला केक कापून दिला. स्कॉटिश माणूस आधी बोलत नाही, हे खरं. एकदा बोलला की घरचा होतो.

पहिले दोन दिवस पाऊस.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या कडेच्या वाटेने निघालो. अर्ध्या तासात आवाज आला. माजावर आलेला नर ओरडतो त्याला इंग्रजीत गर्जना म्हणतात, पण साताऱ्याकडच्या माणसाला विचाराल तर तो डुरकतो. वळू डुरकतो तसाच, पोटातून. समोरच्या उतरणीवर पंधरा-वीस माद्या आणि त्यांच्याभोवती फेऱ्या घालणारा, चिखलात लोळून काळा झालेला नर. अंतर साडेतीनशे मीटर. हा आकडा मनात आपोआप आला. कसा ते कळलं नाही, मी गुडघ्यांवर बसलो होतो आणि हाताने मुलांना खाली दाबत होतो.

आणि मुलाला खोकला आला.

आधी एक, मग उबळच. माद्यांची डोकी एकदम वर. वारा आमच्या पाठीवरून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे वासही गेलाच असणार. मागच्या वर्षी डोंगरावर बरोबरचा कुणी असा खोकला असता, तर मी दिवसभर त्याच्याशी बोललो नसतो. आतून तीच तिडीक या वेळीही उठली, क्षणभर, स्वतःच्या पोरावर. ती उठली हे मी बायकोला त्याच रात्री सांगितलं.

मी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातून निळा इनहेलर काढला. आता तो माझ्याच सॅकमध्ये असतो. हलवला, स्पेसरला, म्हणजे औषध श्वासात ओढायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला, लावला, मास्क नाकातोंडावर धरला, एक पफ दाबला. "सावकाश. एक. दोन. तीन. चार. पाच." दर श्वासाला स्पेसरची बारीक झडप उघडायची, मिटायची. मग दुसरा पफ. परत पाच. त्याच्या बरगड्यांवर माझा हात होता, आणि चौथ्या पफनंतर त्या ओढल्या जाणं थांबलं ते हाताला कळलं.

मान वर केली तर कळप चढण चढून जात होता. नर सगळ्यात मागे.

मी त्याला दुर्बीण दिली. ती विकली नाही. त्याने बराच वेळ बघितलं.

"बाबा, तू यातला कुठला मारला असतास?"

खोटं सांगावंसं वाटलं. "तो मागचा नव्हे. तो जोमात आहे, त्याची पिल्लं व्हायला हवीत. त्याच्या वर, खडकापाशी एकटा उभा आहे ना, तो. म्हातारा झालाय, हिवाळा काढणार नाही बहुतेक."

तो दुर्बीण खडकाकडे वळवून बघत राहिला. वाईट वाटलं का विचारलं तर मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही.

रात्री डाळ-भात झाल्यावर तपकिरी इनहेलरचे दोन पफ दिले. त्यानंतर चूळ भरावी लागते, नाहीतर तोंड येतं. पाण्याचा पेला घेऊन त्याला बाहेर नेलं. काळोख मिट्ट, तळ्यापलीकडे कुठेतरी नर डुरकत होता. पोरगा तोंडात पाणी धरून, गाल फुगवून, तसाच उभा राहिला. डुरकणं थांबेपर्यंत त्याने चूळ टाकली नाही.